त्रिरश्मि पर्वतावरील अक्षयनीवी

नाशिकास जाणारीं आपल्यांतील बहुतेक कुटुंबें रामकुंडावर स्नान करितात, काळ्या रामाचें दर्शन घेतात, सवड असल्यास त्र्यंबकेश्वरीं जाऊन येतात आणि परत फिरतात. मुंबईच्या रस्त्यावर, शहरापासून सुमारें ८ किलोमीटरांवर, त्रिरश्मि नांवाचा डोंगर आहे व त्याच्या कुशींत २४ लेणीं आहेत. 'पांडवलेणीं' या नांवापलीकडे त्यांविषयीं आपणांस फारसें ठाऊक नसतें. मीही नोकरींत असतां विद्यार्थ्यांच्या कित्येक सहली तेथें नेल्या. 'पांडवांनीं हीं कोरलीं असें म्हणतात' इतकें सांगून मुलांस डबे सोडावयास बसवीत असें. संस्कृताचा शिक्षक असूनही भिंतीवरील अक्षरांकडे मीं कधीं नीट पाहिलें नाहीं, हें कबूल करितांना संकोच वाटतो.

पांडवांचा या लेण्यांशीं कांहीं संबंध नाहीं. तीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासासाठीं कोरलीं गेलीं, आणि कोणीं कोरविलीं, कां कोरविलीं, खर्च कसा भागविला, हें सर्व तेथेंच ब्राह्मी अक्षरांत लिहून ठेविलेलें आहे. ती लिपि १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें उलगडली. मी ती शिकलों निवृत्तीनंतर, महामहोपाध्याय मिराशी यांचा सातवाहनांवरील ग्रंथ पुढें ठेवून.

गेल्या पौषांत आम्ही घरचीं पांच माणसें नाशिकास गेलों होतों. आमच्या थोरल्या वहिनींचा एकुलता मुलगा दोन वर्षांपूर्वीं अल्पशा दुखण्यानें गेला. त्याच्या श्राद्धासाठीं हें जाणें होतें. त्याच्या नांवें कांहीं तरी करावें असें सर्वांच्या मनांत होतें, परंतु काय करावें याविषयीं एकमत नव्हतें. मधल्या बंधूंच्या मतें गांवच्या देवळाच्या सभामंडपांत संगमरवरी शिला बसवावी. धाकट्याच्या मतें दरसाल अन्नदान करावें. वहिनी मात्र कांहींच बोलत नसत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी डोंगराकडे निघालों तेव्हां, "भाऊजी, मीही येतें," असें त्या म्हणाल्या. वय सत्तरीच्या पुढें; दर दहा-बारा पायऱ्यांवर बसत आम्ही वर पोंचलों. शुभ्र वस्त्रें नेसलेलें एक बौद्ध कुटुंब वंदनेसाठीं आलें होतें. त्यांतील एका मुलीनें न सांगतां वहिनींचा हात धरून त्यांस शेवटच्या पायऱ्या चढविल्या.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत आम्ही थांबलों. सहा बलदंड यक्ष लेण्याचा भार खांद्यांवर घेऊन ओसरीखालीं उभे आहेत. त्या ओसरींत गौतमीपुत्र सातकर्णीचा, त्याच्या राज्याच्या २४ व्या वर्षींचा, एक लेख आहे. पूर्वीं भिक्षूंस दिलेलें शेत पडीक राहिलें, तें गांवही ओस पडलें, म्हणून त्याऐवजीं दुसरी जमीन द्यावी, अशी ती आज्ञा. ती एकट्या राजाची नव्हे. राजमातेचेंही नांव तींत आहे, आणि तिला विशेषण लाविलें आहे 'जीवसुता', म्हणजे जिचा पुत्र जिवंत आहे अशी.

त्याच ओसरीच्या मागच्या भिंतीवर दुसरा लेख आहे, तो पुळुमावीच्या म्हणजे नातवाच्या राज्याच्या १९ व्या वर्षींचा. येथें दान देणारी खुद्द ती वृद्ध राजमाता गौतमी बलश्री आहे. ती मुलाचे गुण सविस्तर सांगते. तो मातेची सेवा करणारा होता, पौरजनांच्या सुखदुःखांत सारखाच सहभागी होता, अपराधी शत्रूचाही जीव घेण्यांत त्यास गोडी नव्हती, असें ती म्हणते. त्याला ती 'एकब्राह्मण', म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणते, आणि लेणें देते बौद्ध भिक्षुसंघास! मुलगा त्या वेळीं हयात नव्हता, असें बहुतेक संशोधक मानतात.

वहिनींनीं विचारिलें, "भाऊजी, तो पहिला शब्द या लेखांत आहे का?"

"नाहीं. येथें ती महाराजाची माता आणि महाराजाची आजी एवढेंच आहे."

त्या पायरीवर बसल्या. मीही बराच वेळ कांहीं बोललों नाहीं.

पुढें दहावें लेणें लागतें. तें नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात यानें कोरविलें. याच क्षत्रपांचें क्षहरात कुळ सातकर्णीनें नष्ट केलें. तरी वैऱ्याच्या दानाचीं अक्षरें तशींच राहूं दिलेलीं आहेत. उषवदातानें ब्राह्मणभोजनें घातलीं, गोदानें केलीं आणि भिक्षूंस लेणेंही दिलें. तिन्हींची नोंद एकाच भिंतीवर आहे. शिवाय त्यानें ३,००० कार्षापण 'अक्षयनीवी' म्हणून कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, केवळ व्याज वापरावयाचें, ही ती व्यवस्था. त्यांतील २,००० वर दरमहा शेंकडा १ व्याज, आणि त्यांतून २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्रासाठीं. मास्तरकीची संवय जात नाहीं. मीं तेथेंच हिशेब केला. वर्षाचें व्याज २४०, आणि वीस बारे २४०! दात्यानें शेवटच्या नाण्यापर्यंत विचार केला होता.

त्याच लेण्याच्या अंगणांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा, विष्णुदत्ता नांवाच्या उपासिकेचा लेख आहे. अग्निवर्म्याची कन्या, रेभिलाची पत्नी, विश्ववर्म्याची आई, असा ती आपला परिचय देते. तिनेंही तेली व इतर कारागीर यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेविली, ती त्रिरश्मीवरील आजारी भिक्षूंच्या औषधांकरितां.

"औषधांकरितां?" वहिनींनीं पुन्हां विचारिलें. मीं ती ओळ बोटानें दाखविली.

उतरतांना त्यांनीं आपला निश्चय सांगितला. शिला नको. स्वतःच्या दागिन्यांचे पैसे बॅंकेंत ठेवावयाचे, मुद्दलास कोणीं हात लावावयाचा नाहीं, आणि व्याजांतून आमच्या गांवच्या दवाखान्यांत गरिबांस औषधें द्यावयाचीं. घरीं मधल्या बंधूंनीं विरोध केला. आपल्या मुलाचें स्मारक बौद्धांच्या लेण्यांतून कशाला शिकावयाचें, असा त्यांचा प्रश्न. वहिनी शांतपणें म्हणाल्या, "ज्या आईनें मुलाला ब्राह्मण म्हटलें, तिनेंच तें लेणें भिक्षूंस दिलें. तिला कमीपणा वाटला नाहीं. मला कां वाटावा?" बंधू निरुत्तर झाले. पुढें बॅंकेचे कागद त्यांनींच भरले.

वाचकहो, नाशिकास जाल तेव्हां अर्धा दिवस या डोंगरासाठीं राखून ठेवा. सकाळीं लवकर जा, घरच्या वडील स्त्रियांस बरोबर न्या, लेखांचें भाषांतर हातीं असूं द्या, आणि अक्षरांस हात न लावतां तें मोठ्यानें वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांपैकीं कोणास त्यांतला कोणता शब्द भेटेल, हें सांगतां येत नाहीं.