'कॉस्मेटिक' म्हणणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा



आमच्या वस्तीतल्या जयंती मंडळाची बैठक होती. डीजेचे सत्तर हजार पाच मिनिटांत मंजूर झाले. मग मी उभा राहिलो आणि म्हणालो की वर्गणीतले दहा हजार आपल्याच वस्तीतल्या एका ट्रान्स भगिनीच्या लेझरसाठी द्यावेत, शस्त्रक्रियेआधी तिला ते करावंच लागणार आहे. आधी कुणी काही बोललं नाही. मग मागच्या बाजूला हशा पिकला. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक पोरगा, अभ्यासू आहे, शिबिरांना येतो, तो म्हणाला, "दादा, गावागावात आपल्या पोरांचे मुडदे पडतायत आणि आपण केस काढायला वर्गणी द्यायची? हे पार्लरचे चोचले आहेत. कॉस्मेटिक."

हा लेख त्याच्यासाठी आहे. आणि खरं सांगायचं तर चार-पाच वर्षांपूर्वीच्या माझ्यासाठीही आहे, कारण तेव्हा मीही असंच बोललो असतो.

पहिली गोष्ट, कुठले केस? हे कुणी विचारलंच नाही, लाजेपायी. म्हणून सरळ लिहितो. ट्रान्स स्त्रीची योनी तयार करण्याची जी शस्त्रक्रिया असते, जिला डॉक्टर व्हजायनोप्लास्टी म्हणतात, तिच्या सर्वाधिक चालणाऱ्या पद्धतीत लिंगाची आणि वृषणांच्या पिशवीची कातडी आत वळवून नव्या योनीचं अस्तर करतात. त्या कातडीवर केसांची मुळं जिवंत राहिली तर केस शरीराच्या आत वाढतात. तिथे ना वस्तरा जातो ना चिमटा. स्राव, दुर्गंधी, जंतुसंसर्ग, केसांचे गुंते, आणि मग आयुष्यभर डॉक्टरांच्या चकरा. काही सर्जन ऑपरेशन चालू असताना कातडीच्या आतल्या बाजूने मुळं खरवडतात, जाळतात, पण त्यातून सगळी जातील याची खात्री नसते. ट्रान्स पुरुषांचंही तेच. हाताच्या कोपराखालची कातडी घेऊन लिंग आणि त्यातली मूत्रनलिका घडवतात. तिथले केस आधी घालवले नाहीत तर ते लघवीच्या वाटेत उगवतात, त्यांच्यावर क्षार साचतात, खडे होतात. हे पार्लरचे चोचले आहेत का?

माझ्या ओळखीची एक मोठ्या वयाची ताई आहे. तिचं ऑपरेशन बऱ्याच वर्षांपूर्वी एका खाजगी ठिकाणी झालं. पैसे रोख घेतले, केसांचं कुणी सांगितलंच नाही. आज ती दर दोन-तीन महिन्यांनी अँटिबायोटिक खाते आणि मंगतीला जाताना कपड्याखाली दोन पॅड लावते. तिने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता. "कुणी एकानं जरी म्हटलं असतं ना, की वर्षभर थांब, तर थांबले असते," एवढंच म्हणाली.

आता ज्या भगिनीसाठी मी वर्गणी मागितली तिचं ऐका. तिच्याकडे जातीचा दाखला आहे, ट्रान्सजेंडर ओळखपत्र आहे, मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आहे. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी तिच्यासोबत गेलो. नाव लिहीत नाही, तिची फाईल अजून तिथेच आहे. दुसऱ्या मजल्यावर प्लास्टिक सर्जरीचा विभाग. तिथले डॉक्टर नीट बोलले, म्हणाले ऑपरेशन होईल, पण आधी त्या भागाचे केस कायमचे घालवून या, त्याशिवाय तारीख देता येणार नाही. केसपेपरवर तसं लिहूनही दिलं. तो केसपेपर घेऊन आम्ही चौथ्या मजल्यावर त्वचारोग विभागात गेलो. तिथे लेझरचं यंत्र आहे, मी डोळ्यांनी पाहिलं. उत्तर काय मिळालं? "हे कॉस्मेटिकमध्ये येतं. बाहेरून करून घ्या." तिने कुठला भाग ते सांगितल्यावर तिथल्या एका कर्मचाऱ्याने तोंडावर रुमाल धरला. का, ते आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

म्हणजे बघा, एकच इमारत आणि एकच सरकार. दुसऱ्या मजल्यावर केस काढणं ही ऑपरेशनची अट आहे आणि चौथ्या मजल्यावर तीच गोष्ट चैन आहे. या दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात आपली माणसं अडकवून ठेवली आहेत. अट तुमची असेल तर ती पुरी करण्याची सोयही तुमचीच पाहिजे. विहीर दाखवायची आणि पोहरा द्यायचा नाही, हा प्रकार आपण पिढ्यान्‌पिढ्या बघितलेला आहे.

बाहेर तिला एका सिटिंगचे साडेतीन हजार सांगितले. किमान आठ सिटिंग. अठ्ठावीस हजार. ती दुकानं मागते, दिवसाकाठी जे मिळतं त्यातला वाटा गुरूकडे जातो. हिशेब तुम्हीच करा.

आणि आता कायदा. वकील होऊ घातलेल्या माझ्या भावा, ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, 2019 काढ आणि कलम 15 वाच. शासनाने शस्त्रक्रियेची आणि हार्मोन उपचारांची सोय करावी, आधी आणि नंतर समुपदेशन द्यावं, आणि खर्चासाठी सर्वसमावेशक विमा योजना आणावी, असं त्यात आहे. त्या विम्यात काय काय यावं याची जी यादी आहे तिच्यात शस्त्रक्रिया आहे, हार्मोन आहेत आणि त्यांच्याच रांगेत लेझर उपचार आहे. संसदेने लिहिलेला शब्द आहे तो, माझा नाही. त्याच कलमात ज्या जागतिक वैद्यकीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घ्यायला सांगितलं आहे, त्या डब्ल्यूपॅथच्या 2022 च्या आठव्या आवृत्तीत शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी केस काढणं हे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारांत धरलेलं आहे. 2022 मध्येच केंद्राने आयुष्मान भारतखाली ट्रान्स व्यक्तींसाठी वर्षाला 5 लाखांचं कवच जाहीर केलं. जाहिरात जोरात झाली. पण चौथ्या मजल्यावरच्या टेबलापर्यंत ते कवच पोचलेलं नाही.

हा कायदा चांगला आहे असं माझं म्हणणं नाही. ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा ठेवणारा कायदा काय लायकीचा आहे हे वेगळं सांगायला नको. पण हातात आहे तो कागद तरी वापरा. चवदार तळ्याच्या वेळीही बाबासाहेबांच्या हातात बोले ठरावाचा कागदच होता.

अजून एक बाब, जिच्यावर इंग्रजीत भाषणं देणारे संस्थावाले फारसं बोलत नाहीत. कातडीचा रंग. लेझर काम करतं ते केसातल्या काळ्या रंगद्रव्यावर. प्रकाश तो रंग शोधतो, तापतो, मूळ जळतं. पण कातडीतही तेच रंगद्रव्य असेल तर कातडी भाजते, काळे-पांढरे डाग राहतात. त्वचेच्या रंगाचे प्रकार ठरवण्यासाठी जगभर जी फिट्झपॅट्रिक श्रेणी वापरतात, ती 1975 मध्ये गोऱ्या कातडीसाठी तयार झाली, तपकिरी आणि काळे प्रकार त्यात मागाहून जोडले. आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या माणसांसाठी 1064 नॅनोमीटरचं एनडी याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये 'सहा सिटिंगवर दोन फ्री'ची पाटी असते, पण यंत्र कुठलं हे विचारलं की समोरची मुलगी गोंधळते. उन्हात दिवसभर फिरणारी, सिग्नलवर उभी राहणारी बाई आणि एसी गाडीतून येणारी बाई यांना एकच सेटिंग लावलं तर भाजणार कोण? पांढरे केस तर लेझरला दिसतच नाहीत, तिथे इलेक्ट्रोलिसिसच लागतं. एकेका मुळात सुई घालून वीज सोडायची, तासन्‌तासांचं काम. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन 'कायमचं' हा शब्द इलेक्ट्रोलिसिसला लावतं. लेझरला ते 'कायमस्वरूपी घट' एवढंच म्हणतं. आपल्याकडे इलेक्ट्रोलिसिस नीट करणारी माणसं मोजकी, आणि जी आहेत ती मोठ्या शहरांत.

आता चळवळीच्या मुद्द्यावर येतो. "आधी पोट, मग बाकीचं" हे जे आपण ऐकवतो ते बाबासाहेबांचं नाही. डिसेंबर 1927 ला महाडला त्यांनी बायकांना काय सांगितलं ते आठवा. लुगडं वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने टाका. तेव्हा काय आपल्या घरी धान्याच्या कणग्या भरलेल्या होत्या? उपाशी माणसांच्या सभेत बाबासाहेब लुगड्याच्या निऱ्यांवर बोलले, कारण अंगावरची खूण हीच बेडी आहे हे त्यांना कळलं होतं. त्याला कॉस्मेटिक म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

आणि केसांचं म्हणाल तर केस हा आपल्या परंपरेतला जुना प्रश्न आहे. आपल्या आजा-पणजाच्या डोक्याला गावचा न्हावी हात लावत नव्हता. ब्राह्मण विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून मुंबईचे न्हावी 1890 च्या सुमारास उभे राहिले, आणि त्यामागे होते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे. कुणाचे केस कुणी ठेवायचे, कुणाचे कुणी काढायचे, हे ज्या समाजात वरून ठरवलं जात होतं, त्याच समाजात आज चौथा मजला ते ठरवतोय. 1934 मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा कोर्टात त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. लोकांनी शरीराबद्दल विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणं अश्लील ठरू नये म्हणून. आपल्या बैठकीत मात्र तो भाग उच्चारला की हशा.

धम्माचंही ऐका, कारण मागून एक काका "हे निसर्गाच्या विरुद्ध" म्हणाले. विनयपिटकात पाराजिकेच्या पहिल्याच प्रकरणात प्रसंग आहे. एका भिक्खूच्या शरीरात स्त्रीचं लक्षण प्रकट झालं. बुद्धांनी त्याला हाकललं नाही. तीच उपसंपदा, तेच उपाध्याय, तेवढेच वर्षावास धरून भिक्खुणींमध्ये जायची अनुमती दिली. उलट दिशेचा प्रसंगही लगेच पुढे आहे. त्याच विनयात पंडक म्हटल्या गेलेल्यांना उपसंपदा नाकारली आहे, तेही मी लपवत नाही. त्यावर आपल्याला वाद घालावा लागेल. पण 'धम्मात असलं काही नाही' हे तरी म्हणू नका. हिजडा समाजात दाईकडून घरच्या घरी होणाऱ्या छेदनाला 'निर्वाण' म्हणतात, हे त्या काकांना ठाऊक आहे का? रक्तस्रावाने त्यात बाया मेल्या आहेत. दवाखान्याचं दार बंद केलंत की तिसरी वाट तीच उरते.

आणि हे 'आपले' प्रश्न नाहीत असंही नाही. 2014 च्या नालसा निकालाने ट्रान्स व्यक्तींना मागास वर्ग मानून आरक्षण द्यायला सांगितलं, तेव्हा दलित ट्रान्स व्यक्तीने जात सोडून ओबीसी व्हायचं का, हा पेच ग्रेस बानूसारख्या दलित ट्रान्स कार्यकर्त्यांनी उभा केला आणि समांतर आरक्षणाची मागणी लावून धरली. महाराष्ट्रात दिशा पिंकी शेख निळ्या झेंड्याखालूनच बोलत आल्या आहेत. त्या आपल्या मांडवात आधीपासून आहेत. खुर्ची आपण दिलेली नाही.

जे कुणी या तयारीत आहेत त्यांना, कामाचं तेवढं. सर्जन कुठली पद्धत वापरणार ते पहिल्याच भेटीत विचारा आणि केस नेमके कुठले घालवायचे ते आखून घ्या, कारण आतड्याचा किंवा पोटातल्या पडद्याचा भाग वापरणार असतील तर गरज कमी होते. केस टप्प्याटप्प्याने उगवतात आणि वाढीतल्या केसाचंच मूळ मरतं, त्यामुळे चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा महिने ते वर्ष किंवा त्याहून जास्त धरून चाला. सिटिंगआधी चिमटा, दोरा, वॅक्स बंद. मूळच उपटलं तर लेझर मारणार कशाला? फक्त वस्तरा. आधी थोड्या जागेवर चाचणी घ्या. बधिर करायचं मलम बायकांचं ऐकून भसाभस लावू नका, जास्त झालं तर ते रक्तात उतरून जिवावर येतं. शेवटच्या सिटिंगनंतर थांबून परत उगवतात का बघा, मगच तारीख घ्या. आणि कुणी 'हार्मोनने जातील' म्हणालं तर ऐकू नका. अंगावरची लव कमी होते, दाढी जात नाही, तिथलेही सगळे जात नाहीत.

मंडळाने ठराव नामंजूर केला. पण खजिनदार दुसऱ्या दिवशी घरी आला आणि स्वतःच्या खिशातले दोन हजार देऊन गेला, कुणाला सांगू नका म्हणाला. एलएलबीवाल्या पोराने फोन करून कलम कुठलं ते परत विचारलं. त्याच्याच हस्ताक्षरात रुग्णालयाला माहिती अधिकाराचा अर्ज गेला आहे. त्वचारोग विभागात लेझर यंत्र कधी आलं, कुठल्या रुग्णांवर वापरलं, शस्त्रक्रियापूर्व केस काढणं कुठल्या आदेशाने नाकारलं, आणि कायद्याच्या कलम 11 नुसार नेमायचा तक्रार अधिकारी कोण आहे, असे चार प्रश्न. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. आज एकोणिसावा दिवस आहे. तिची दुसरी सिटिंग येत्या गुरुवारी आहे, साडेतीन हजारांतले तेराशे अजून कमी पडतात.