हापूसला लांबलेल्या थंडीचा दगा

थंडी पडली की हापूसला मोहोर येतो, हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण थंडी लांबली की तोच मोहोर बागायतदाराच्या मुळावर येतो, हे मात्र फळे गळू लागल्यावरच आठवते.

जून झालेल्या काडीला थंड रात्री मिळाल्या की तिच्या टोकाला मोहोर फुटतो. पाऊस लांबला तर झाड नवी पालवी काढते आणि मोहोर मागे पडतो. पुढे फळे धरल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा कडाका आला, तर फळे असलेल्या काडीलाच दुसरा मोहोर येतो. झाडातले अन्न तिकडे वळते नि धरलेली फळे गळतात. शिवाय कडक थंडीत निघालेल्या मोहोरात नरफुलेच जास्त. म्हणजे झाड मोहोराने भरलेले, पण फळ थोडे.

यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. १ ग्रॅम जिब्रेलिक आम्ल २० लिटर पाण्यात घ्यावे. पहिली फवारणी मोहोर पूर्ण उमलल्यावर, दुसरी फळे वाटाण्याएवढी झाल्यावर. पुरेसा मोहोर असलेल्या झाडांवरच ती करावी. दुसरा मोहोर डोळ्यांनी दिसल्यावर धावपळ करून फारसे काही हाती लागत नाही.

ग्रामपंचायतीनेही एक ध्यानात घ्यावे. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, झाडाखाली पडलेल्या फळांवर नव्हे. केंद्र बंद दिसले तर त्याच दिवशी तालुक्याला लेखी कळवा. हंगाम सरल्यावर अर्ज करून त्या रात्रीची थंडी कुणाला मोजता येणार नाही.