साखरेचा तक्ता पुरे, मैदानाचा तास द्या

मे २०२५मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या पदार्थात किती साखर असते, रोज किती चालते, जास्त झाली तर काय होतं, हे मुलांना दिसेल अशा जागी मांडायचं. तक्ते लागले. शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्यांशेजारी साखरेच्या पुड्या टांगल्या गेल्या, फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले. हेतूबद्दल तक्रार नाही. पण अशाच शाळांत कुणाचा वाढदिवस असला की वर्गभर चॉकलेटं वाटली जातात, ‘जंक फूडचे दुष्परिणाम’ या निबंधाला बक्षीस म्हणून क्रीमच्या बिस्किटांचा डबा मिळतो, आणि परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताच्या बाई मागून घेतात. मुलं तक्ता वाचतात आणि शाळेचा दिवसही वाचतात. दोन्हींत विसंगती दिसली तर ती दिवसावर विश्वास ठेवतात.

मुलांच्या लठ्ठपणाबद्दल आपल्याकडे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, मुलांना माहिती द्या, ती सुधारतील. दुसरा म्हणतो, हे शाळेचं कामच नव्हे. एकाचा भोळेपणा आणि दुसऱ्याची टाळाटाळ यांतून निष्पन्न मात्र एकच होतं: मुलांचा दिवस होता तसाच राहतो. लठ्ठपणा रोखण्यात शाळेचा वाटा मोठा आहे, फक्त तो फळ्यावर शोधला जातो हे चुकतं. तो वेळापत्रकात, ताटात आणि फाटकापाशी आहे, हे मला मांडायचं आहे. त्याआधी आक्षेपांचा समाचार घेऊ.

पहिला आक्षेप : हे श्रीमंतांच्या पोरांचं दुखणं आहे, आपल्याकडे खरा प्रश्न कुपोषणाचा. यात तथ्य आहे. २०१६ ते १८ या काळातल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं कृश आणि फक्त ५ टक्के वजनदार आढळली होती. पण त्याच सर्वेक्षणात पाच वर्षांपुढच्या मुलांत आणि किशोरांत मिळून सुमारे १० टक्के जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे धोका जाड दिसणाऱ्या मुलांपुरता नाही. याचं कारण पुण्यातच शोधलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी भरले, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पोटात उपासमार सोसलेलं हेच मूल पुढे बसून राहिलं आणि पाच रुपयांच्या पुड्यांवर वाढलं, तर लवकर आजारी पडतं. पाच रुपयांची पुडी जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरच्या टपरीवरही लटकते. तेव्हा कुपोषण आणि लठ्ठपणा यांना एकमेकांविरुद्ध उभं करण्यात अर्थ नाही. दोन्हींवर डाळ, अंडं, भाजी आणि मैदान हाच उतारा आहे.

दुसरा आक्षेप : खाणं ही घरची बाब, शाळेने त्यात नाक खुपसू नये. मग सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचं जेवण कोण देतं? पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिनं हे निकष कोणी ठरवले? राज्याने शाळेला स्वयंपाकघर दिलं तेव्हाच हा वाद निकाली निघाला. खासगी शाळांचं म्हणाल, तर मूल दिवसाचे सहा-सात तास तिथे असतं. आई सकाळी पोळीभाजीचा डबा देते. मधली सुट्टी वीस मिनिटांची, त्यात हात धुवायची रांग, पाण्याची रांग. निम्मा डबा तसाच परत येतो आणि सुटताना पोटात कावळे ओरडत असतात, तेव्हा फाटकासमोर वेफर्स तयार असतात. यात आईची चूक कुठली? डबा खायला वेळ देणं हे घराच्या हातात नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत भक्कम आहे आणि तो अभ्यासकांकडून येतो : प्रयोग करून झाले, मुलांचं वजन हलत नाही. अमेरिकेत १९९१ ते ९४ या काळात चार राज्यांतल्या ९६ शाळांत ‘कॅच’ हा मोठा प्रयोग झाला. शाळेच्या जेवणातली चरबी घटली, व्यायामाच्या तासात मुलं खरोखर जास्त हलू लागली, पण वजनात फरक पडला नाही. इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्समधल्या ५४ शाळांत रोज अर्धा तास जादा हालचाल, पालकांसह स्वयंपाकाच्या कार्यशाळा, फुटबॉल क्लबमधलं शिबिर असं सगळं वर्षभर केलं. २०१८मध्ये निष्कर्ष आला की, वजनावर ठोस परिणाम नाही.

हे निष्कर्ष झाकून ठेवण्यात शहाणपण नाही, पण ते नीट वाचायला हवेत. इंग्लंडमधल्याच क्राइस्टचर्चच्या सहा प्राथमिक शाळांत मुलांना गोड पेयं टाळण्याचे धडे वर्षभरात मोजके तास दिले गेले. वर्षाअखेरीस इतर वर्गांत वजनदार मुलांचं प्रमाण साडेसात टक्क्यांनी वाढलं होतं, धडे घेतलेल्या वर्गांत ते जवळपास तसंच राहिलं. मग कार्यक्रम संपला. त्यानंतर दोन वर्षांनी पाहिलं तर फरक पुसला गेला होता. याउलट जर्मनीत डॉर्टमुंड आणि एसेनमधल्या प्राथमिक शाळांत धड्यांच्या जोडीला पाण्याचे कारंजेवजा नळ बसवले, मुलांना बाटल्या दिल्या. वर्षभरात वजनदार होण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी दिसला. चीनमध्ये तीन शहरांतल्या २४ शाळांत शाळेचे नियम, रोजचा व्यायाम आणि पालकांचा सहभाग यांची एकत्र मोट बांधली, तिथेही फरक पडला. म्हणजे कार्यक्रम म्हणून आलेली गोष्ट कार्यक्रमाबरोबर जाते. शाळेची रीत झालेली गोष्ट टिकण्याची शक्यता जास्त. ‘कॅच’मधल्या मुलांचं वजन हललं नसेल, पण मुलं हलली. आठ वर्षांच्या मुलाने दमेपर्यंत पळणं हे स्वतःच एक फळ आहे, वजनकाट्याने त्यावर शिक्का मारायची गरज नाही.

आणि या काट्याचंही एकदा बोलून टाकू, कारण उत्साही शाळांना तो फार आवडतो. सगळ्या वर्गासमोर वजन, मग आकडा घरी. कॅलिफोर्नियात ७९ शाळांतल्या सुमारे २८ हजार मुलांवर याची चाचणी झाली. वजनाचा अहवाल घरी पाठवून मुलांच्या वजनात फरक पडला नाही, उलट शाळेत वजन केलेल्या मुलांत स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी वाढली. आपल्याकडे तर उंची-वजनाच्या गुणोत्तराचा (बीएमआय) आकडा आणखी फसवा. २००४मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपलेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. जो आकडा तज्ज्ञांनाही चकवतो, त्यावरून चौथीतल्या मुलाला ‘जाड्या’ ठरवण्याचा अधिकार शाळेला कोणी दिला?

आता शाळेने काय करायचं ते सांगतो.

पहिलं, पीटीचा तास पवित्र माना आणि त्यात सगळ्यांना पळवा. आज या तासात काय होतं ते मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. रांगा लावणं, हजेरी, ‘सावधान-विश्राम’ यांत दहा मिनिटं जातात. मग खो-खो. एका संघाचे नऊ जण पाटीवर, त्यांतले आठ बसलेले. समोर तीन पळणारे. साठ मुलांच्या वर्गातली उरलेली कडेला मातीत रेघोट्या ओढत बसतात. जाड मुलाला गुण लिहायला बसवतात, म्हणजे ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचाच तास बसून जातो. खेळ चांगला आहे, त्याची मांडणी बदला. वर्गाचे सहा गट करा; लंगडी, साखळी, दोरीच्या उड्या एकाच वेळी चालू द्या. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटाला रोज सरासरी ६० मिनिटांची दमछाक सुचवते. त्यातला निम्मा वाटा शाळेने उचलावा. आणि वही विसरली म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं आजपासून बंद करा. शिक्षा म्हणून पळालेलं मूल मोठेपणी आवडीने पळेल, ही आशा सोडून द्या.

हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते रुजवले. आपल्याकडे परंपरेचा अभिमान भरपूर आहे, तिच्यासाठी वेळापत्रकात पस्तीस मिनिटं मात्र सापडत नाहीत.

दुसरं, ताट आणि पाणी. स्वच्छ, गार पाण्याचे पुरेसे नळ आणि डबा खाण्यासाठी किमान अर्धा तास. पोषण आहारात अंडं हवं. राज्यात २०२३च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. तक्त्यांना पाठिंबा आणि अंड्याला कात्री, हा हिशेब कुठल्याही गणिताच्या बाईंना चुकीचाच दिसेल.

तिसरं, फाटक. राज्य सरकारने मे २०१७मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करायचा आदेश काढला. २०२०च्या केंद्रीय नियमांनुसार चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. नियम आहेत, अंमल नाही. अंमल म्हणजे गाड्या उचलणं मात्र नव्हे. पेरू, बोरं, चणे-शेंगदाणे, उकडलेली कणसं विकणाऱ्यांना शाळेने स्वतः जागा ठरवून द्यावी. त्यांचंही पोट आहे. आणि आवारातली वाढदिवसाची चॉकलेटं, बक्षिसाची बिस्किटं यांच्यासाठी तर कुठल्याच निरीक्षकाची गरज नाही, मुख्याध्यापकांची एक सूचना पुरे.

चौथं, धडा हवाच, पण हातांनी. सहावीच्या वर्गात बिस्किटाचा रिकामा पुडा आणा, मागचा बारीक छापा वाचा, १०० ग्रॅममागे किती साखर ते बघून एका पुड्यात किती चमचे होते याचं त्रैराशिक मांडा. परसबागेतली मेथी खुडून निवडा. पालकसभेत गुणांबरोबर डब्यावरही बोला.

एवढं करूनही शाळा एकटी पुरी पडणार नाही. सप्टेंबर २०२५मध्ये शीतपेयांवरचा जीएसटी ४० टक्के ठेवला, त्याच वेळी बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम आणि नमकीन यांच्यावरचा ५ टक्क्यांवर आणला. बाजार स्वस्त करायचा आणि संयम शाळेने शिकवायचा, अशी ही वाटणी आहे. तिच्याविरुद्ध बोलायलाच हवं. पण सरकार सुधारेपर्यंत शाळेने थांबावं असा याचा अर्थ होत नाही. पुढच्या पालकसभेत तीन गोष्टी विचारा : या महिन्यात पीटीचे किती तास खरोखर मैदानावर झाले, त्यांत किती मुलं पळली, आणि डबा खायला किती मिनिटं मिळतात. ज्या शाळेला ही उत्तरं देता येत नाहीत, तिने भिंतीवरचा तक्ता उतरवून ठेवला तरी मुलांचं काही नुकसान होणार नाही.