दौलतखानाचा दाखला कशाला हवा?

मी मालवणच्या किनाऱ्यावर इतिहास शिकवतो. संशोधनाचा विषय शिवकालीन आरमार. त्यामुळे १९ फेब्रुवारी जवळ आली, की ‘शिवरायांचे मुस्लिम सरदार’ ही यादी व्हॉट्सअ‍ॅपवर मला दहा जण तरी पाठवतात. प्रश्न एकच : “सर, हे खरं आहे ना?”

अर्धं खरं आहे. सभासदाच्या बखरीत मायनाक भंडाऱ्यासोबत दर्यासारंग हा मुसलमान आरमारी अधिकारी येतो. १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत दौलतखान होता. शत्रू असलेल्या इंग्रजांच्या पत्रांतही त्याचं नाव आहे. मुनशी काझी हैदरही खरा. फक्त तो पुढे औरंगजेबाकडे गेला, हे यादी सांगत नाही. आग्र्याच्या सुटकेतला मदारी मेहतर मात्र समकालीन कागदांत सापडत नाही, आणि सैन्यात अमुक टक्के मुसलमान होते या आकड्यांना आधार नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ही यादी आपण निष्ठेचा दाखला म्हणून खिशात का बाळगायची? उद्या कुणी अफझलखान आणि जंजिऱ्याचा सिद्दी पुढे केला, की तुम्ही गप्प होणार. वास्तविक १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात मोगलांसाठी २३ किल्ले घेणारा मिर्झाराजे जयसिंग राजपूत होता आणि अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण. माणसं चाकरी, वतन, महत्त्वाकांक्षा बघून बाजू घेत होती. वर्गात हे सांगितलं की सगळ्याच मुलांची थोडी अडचण होते. होऊ द्यावी.

अभ्यासच करायचा तर आपल्या बंदरापासून करा. दर्या, सारंग, बंदर, नाखवा, खलाशी हे शब्द फारसी-अरबीतून इथे आले आणि आपलेच होऊन गेले. त्यांच्याकडे कुणी दाखला मागत नाही.

आणि मोडी शिका. जमलं तर फारसीही. काही महिन्यांच्या सरावाने मोडी वाचता येऊ लागते. कोकणात काझी, खतीब अशा जुन्या घराण्यांच्या पेट्यांत सनदा, इनामाचे कागद, वाटणीपत्रं पडून असतात. घरात ‘जुना कचरा’ म्हणतात. यादी फॉरवर्ड करणारा मुलगा आजीची ती पेटी उघडत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

उघडलीत, तर उजेडात फोटो काढा, कागद कुणाचा आणि कुठे होता ते लिहून ठेवा. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.