यंत्राला शिव्या, माणसाचा विसर

सण आला की दोन आवाज हमखास कानी पडतात. एक फटाक्यांचा आणि दुसरा ‘यंत्राने संगीताचा गळा घोटला’ या रडगाण्याचा. फटाक्यांची दारू निदान संपते तरी! म्हणून मी स्पष्टच विचारतो, कोणत्या यंत्राने कोणाचा गळा घोटला?

आमच्या हरिहरेश्वरात भजनाला बसणारी वडीलधारी मंडळीही हेच म्हणतात, आणि म्हणताना बोटे पेटीवर फिरत असतात. ही पेटी काय काळभैरवाच्या अंगणात उगवली? १८४२ साली पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. म्हणजे तीही यंत्रच, आणि परदेशी! तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून १९४० साली सरकारी रेडिओने तिला दाराबाहेर काढले. ज्या पेटीने गोविंदराव टेंब्यांना कीर्ती दिली, तिला साथीपुरता प्रवेश मिळायला १९७१ साल उजाडले.

आता दुसरी हकीकत ऐका. मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवून पोट भरणारे. १९८२ साली त्यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन जपानी यंत्रे मांडली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. त्यात भूपाळी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे घरंदाज राग! गंमत पाहा, टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पेटीला जन्मभर न साधलेली गोष्ट या टीचभर डबीने केली.

आपण काय केले? तबकडीकडे ढुंकून पाहिले नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्रावर आपली चाल बांधली, आणि १९८८ च्या उन्हाळ्यात सारे तरुण इंग्लंड त्या नादावर डोलू लागले. त्या पोरांनी सिंगांचे नावही ऐकले नसेल. पण २०१० साली एका डच संग्राहकाने ती तबकडी पुन्हा काढली, तेव्हा युरोप थक्क झाला आणि सत्तरीच्या सिंगांना परदेशची बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

‘रागाला डिस्कोचा ठेका? भ्रष्टाचार!’ असे कोणी म्हणेल. म्हणा खुशाल! मलाही तो ठेका कुठे कुठे शिवणयंत्रासारखा वाटतो. पण ऐकून नाकारणे ही रसिकता. न ऐकता नाकारणे हा निव्वळ आळस.

आणि मिरवणुकीतल्या छाती हादरवणाऱ्या त्या भिंती? तिथेही आवाजाची कळ पिरगाळणारा हात माणसाचाच असतो, आणि वर्गणी आपली असते. आमच्या किनाऱ्यावरचा सनई-ढोलाचा खालूबाजा यंत्राने मागे सारला नाही. आपण त्याला सुपारी देणे कमी केले. दोष आपला आणि शिव्या यंत्राला, हा कुठला न्याय?

तेव्हा यंदा एवढे करा. घरातला एखादा मुलगा वा मुलगी खोलीत बसून यंत्रावर काही खुडबुड करीत असेल, तर ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी दहा मिनिटे ऐका. आवडले नाही तर तोंडावर सांगा. आवडले तर तेही सांगा. खालूबाजावाल्यांनाही पुढच्या सणाची सुपारी आजच देऊन ठेवा. परक्या देशातून शाबासकी येण्याची वाट पाहू नका. सिंगांच्या बाबतीत तिला अठ्ठावीस वर्षे लागली.