नाकावर विसंबू नका

मॅनहोलचं झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 100 च्या आसपास भाग झाले की नाक बधिर होतं. वास येईनासा होतो, उतरणाऱ्याला वाटतं धोका टळला. आणि तिथेच घात होतो.

तळहातावर मावणारा विद्युतरासायनिक सेन्सर असा बधिर होत नाही. पातळ पडद्यातून वायू आत झिरपतो, आम्लाने भिजलेल्या इलेक्ट्रोडवर त्याची अभिक्रिया होते आणि वायूच्या प्रमाणात इवलासा विद्युतप्रवाह वाहू लागतो. मर्यादा ओलांडली की बझर वाजतो. अर्थात सेन्सरचंही आयुष्य दोन-तीन वर्षांचं. मधूनमधून त्याची परीक्षा घ्यावीच लागते.

संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. तरी माणसं उतरतात. एकाला वाचवायला दुसरा उतरतो, दोघंही परतत नाहीत. गटारं यंत्रांनीच साफ व्हायला हवीत. तोवर प्रत्येक मॅनहोलच्या तोंडाशी आधी सेन्सर उतरला पाहिजे. या अंकातले लेख याच आग्रहातून आले आहेत.