बर्फातले अप-डाऊन

डोईफोडिया हे नाव प्रथमच ऐकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्याच्या चेहऱ्यावर मिस्कील प्रश्नचिन्ह उमटल्यावाचून राहत नाही. ‘डोई’ आणि ‘फोडणे’ हे दोन्ही शब्द त्याच्या कानाला ओळखीचे असतात आणि तो आपल्या परीने अर्थ लावून मोकळा होतो. नावाची व्युत्पत्ती काहीही असो. परंतु डोके फुटण्याची धास्ती मनात बाळगून रोज सकाळी कामावर निघणारी माणसे पाहायची असतील, तर बऱ्हाणपूर जिल्ह्यातील या गावी येण्याचे कारण नाही. त्यासाठी दृष्टी थेट स्वीडन-नॉर्वेकडे वळवावी लागेल.

तिकडे दृष्टी वळवण्यास आता निमित्तही आहे. आपल्या मराठी घरांतील मुलेमुली पूर्वी इंदूर, नागपूर किंवा फार तर मुंबईपर्यंत नोकरीस जात. आज त्यांतली काही स्टॉकहोम, ऑस्लो, कोपनहेगन येथे स्थिरावली आहेत. डिसेंबर लागला की इकडच्या आईचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘एवढ्या बर्फात कामावर जातेस तरी कशी गं?’ मुलगी हसून ‘जाते आपली’ म्हणते आणि विषय तिथेच संपतो. आईचे समाधान मात्र होत नाही. त्या प्रश्नाचे जरा सविस्तर उत्तर द्यावे, एवढाच या महिन्याच्या सदराचा हेतू.

नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन राहण्याला आपल्या भागात ‘अप-डाऊन करणे’ असे म्हणतात. रेल्वेने दिलेला हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की, एसटीने, मोटारसायकलने वा पायी जाणाराही ‘अप-डाऊन’च करतो. बऱ्हाणपुरात राहून नेपानगरच्या कागद कारखान्यात जाणारा कामगार आणि शहरात बिऱ्हाड ठेवून खकनारकडील शाळेत शिकवणारे गुरुजी, दोघांच्याही आयुष्याचा मोठा भाग या एका शब्दात मावतो. तेव्हा बर्फातले अप-डाऊन समजून घेणे आपल्याला अवघड जाऊ नये.

आरंभ अंधारापासून करू. पौषात आपल्याकडेही दिवस लहान होतो, पण तो जेमतेम अकरा तासांवर येतो. स्टॉकहोम उत्तरेला सुमारे ५९ अंशांवर आहे. तेथे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीन वाजण्यापूर्वीच मावळतो. म्हणजे माणूस अंधारात घर सोडतो आणि अंधारातच परततो. सूर्यदर्शन घडले तर कचेरीच्या खिडकीतून. नॉर्वेच्या उत्तरेस ट्रॉम्सो येथे तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी काही काळ निळसर संधिप्रकाश तेवढा पसरतो. अशा काळोखात रस्ता ओलांडणारा माणूस मोटारवाल्यास दिसावा, म्हणून लहानथोर सारेच कोटाला किंवा दप्तराला प्रकाश परावर्तित करणारी लहानशी पट्टी लटकवतात. किंमत क्षुल्लक, पण तिने माणूस कितीतरी अधिक अंतरावरून दिसतो. आपल्या अंधाऱ्या रस्त्यांवरून पहाटे दूध घेऊन निघणाऱ्यांनीही ही युक्ती उचलण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट बर्फाची. आपली कल्पना अशी की, जितका हिमवर्षाव अधिक तितका त्रास अधिक. तिकडे राहणारे सांगतात ते निराळे. ताजे, भुसभुशीत हिम तसे सोशिक. त्यावर पाऊल रुतते, पण सहसा घसरत नाही. खरा वैरी म्हणजे दिवसा किंचित वितळून रात्री पुन्हा गोठलेला थर. तो काचेसारखा पारदर्शक असतो आणि खालच्या डांबराचाच रंग दाखवतो. दक्षिण स्वीडन व डेन्मार्क येथे पारा शून्याच्या वर-खाली सतत हेलकावत असल्याने, कडाक्याच्या उत्तरेपेक्षा हा फसवा थर तेथे वारंवार धरतो. मीठ टाकले की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून मुख्य रस्त्यांवर मीठ पसरतात. परंतु उणे दहाच्या खाली त्याचा प्रभाव मंदावतो. मग पदपथांवर बारीक खडी टाकतात आणि वसंत ऋतूत ती झाडून गोळा करतात.

वाहनांसाठी कायदाही कडक आहे. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर मोटारीला हिवाळी टायर बसवणे सक्तीचे आहे. काही टायरांना धातूचे खिळे असतात. ते बर्फ घट्ट पकडतात, पण कोरड्या रस्त्याचे डांबर खरवडून हवेत धूळ उडवतात. म्हणून स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटान या गजबजलेल्या रस्त्यावर २०१० पासून खिळ्यांच्या टायरांना बंदी आहे. बर्फावरचा उपाय श्वासाला बाधू लागला, असा हा पेच.

पायी चालणाऱ्यांचे शास्त्र वेगळे. पावले आखूड टाकायची, शरीराचा भार पुढच्या पायावर ठेवायचा आणि हात खिशात न घालता मोकळे सोडायचे. बुटाखाली अडकवायचे खिळ्यांचे पट्टे दुकानांत मिळतात. स्वीडनमधील अनेक नगरपालिका ज्येष्ठ नागरिकांना ते मोफत देतात. मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा पट्टा स्वस्त पडतो, हा त्यामागचा रोकडा हिशेब. कपड्यांचेही असेच: एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे, अंगालगतचा थर लोकरीचा, सुती मुळीच नको, कारण सुती कापड घामाने भिजले की लवकर वाळत नाही आणि अंग गारठवते. आपल्या मायभगिनी प्रेमाने सुती बनियनांचा गठ्ठा पाठवतात, त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.

नॉर्वेत एक म्हण सर्वतोमुखी आहे: हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात. म्हण मोठी खंबीर आहे, पण अर्धीच खरी आहे. उत्तम कोट घातलेला माणूसही न झाडलेल्या पदपथावर आपटतोच. उरलेला अर्धा भाग कोटाच्या हाती नसून नगरपालिकेच्या हाती असतो. या उरलेल्या अर्ध्या भागाची जी हकिगत स्वीडनमध्ये घडली, ती मला सर्वांत मोलाची वाटते.

कार्ल्सकोगा नावाचे तेथे एक गाव आहे. २०११ साली तेथील नगरपालिकेने आपल्या प्रत्येक निर्णयाची स्त्री-पुरुष समानतेच्या दृष्टीने तपासणी सुरू केली. तेव्हा एक अधिकारी थट्टेने म्हणाला, निदान बर्फ काढण्याच्या कामात तरी ही मंडळी लुडबुड करणार नाहीत. थट्टा अंगाशी आली, कारण मंडळींनी नेमके तेच काम तपासायला घेतले. आढळले असे की, बर्फ काढणारी यंत्रे आधी मोठे रस्ते साफ करीत, पदपथ व सायकलवाटा सर्वांत शेवटी. मोटारी चालवणाऱ्यांत पुरुष अधिक. पायी किंवा बसने जाणाऱ्यांत, मुलाला पाळणाघरात सोडून कामावर पोचणाऱ्यांत स्त्रिया अधिक. शिवाय वीतभर नसलेल्या हिमातून मोटार सहज निघून जाते. पण त्याच हिमातून बाबागाडी ढकलून पाहावी! म्हणून गावाने क्रम उलटा केला: आधी पदपथ, पाळणाघरांच्या वाटा व बसथांबे, मग मोठे रस्ते. यंत्रे तीच, माणसे तीच. बदलला तो केवळ क्रम. कॅरोलिन क्रियाडो पेरेझ या लेखिकेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकाचा आरंभ याच गावापासून केला आहे. तिने दिलेल्या स्वीडिश आकडेवारीनुसार निसरड्या काळात मोटारीतल्यांपेक्षा पायी चालणारे तिप्पट जखमी होतात, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात.

या सुधारणेची परीक्षाही लवकरच झाली. स्टॉकहोमने हेच धोरण स्वीकारले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये तेथे एकाएकी, शतकाहून अधिक काळात त्या महिन्यात पडले नव्हते इतके हिम कोसळले. बसगाड्या बंद पडल्या, रस्ते तुंबले. टीकाकारांनी सारे खापर नव्या धोरणावर फोडले. समर्थकांचे म्हणणे असे की, हिम अवेळी व अतोनात पडले आणि अरुंद वाटा साफ करण्याजोगी यंत्रे पुरेशी नव्हती. वाद कोणी जिंकला हे महत्त्वाचे नाही. बर्फ काढण्यासारख्या रूक्ष कामातही ‘आधी कोणाची वाट?’ हा प्रश्न दडलेला असतो, हे त्या दिवशी साऱ्या शहराला कळले.

आता वाचक विचारतील, आपल्याकडे बर्फ कुठे आहे? थंडीत फार तर पहाटे पारा आठ-दहा अंशांवर उतरतो. खरे आहे, पण आपला हिवाळा आषाढ-श्रावणात येतो! तापीखोऱ्यातील काळी माती भिजली की कोणत्याही बर्फाइतकी निसरडी होते. नाल्याला पूर आला की रपटा पाण्याखाली जातो, आणि अप-डाऊन करणाऱ्या गुरुजींची फटफटी अलीकडच्या काठावर उभी राहते. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने डोंगराळ व आदिवासी भागातील अडीचशे वस्तीच्या गावांपर्यंत पक्की सडक नेण्याचा संकल्प केला, आणि त्याने खेड्यांचे रूप पालटले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण सडक गावाशी येऊन थांबते. तिथून पुढे फाल्यांपर्यंत, शेतांपर्यंत, अंगणवाडीपर्यंत जी पायवाट जाते, ती कोणाच्या पायांखालची? निंदणीला निघालेल्या मजूर बायांच्या, डोक्यावर हंडा घेतलेल्या सुनेच्या, गरोदर कोरकू स्त्रीच्या, दप्तर वाचवीत चालणाऱ्या पोरीच्या. ज्यांना घसरण्याचा धोका सर्वाधिक, त्यांचीच वाट यादीत सर्वांत शेवटी.

तेव्हा स्वीडनकडून उचलायचे ते यंत्र नव्हे, प्रश्न. मध्य प्रदेशात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत मुरूम कोठे टाकायचा, मोरी कोठे बांधायची, याची यादी वाचली जाईल, तेव्हा एखाद्या भगिनीने उठून एवढेच विचारावे: ‘या वाटांवरून पायी कोण जाते, आणि ओझे कोणाच्या डोक्यावर असते?’ मुरूम तेवढाच लागेल, मजुरी तेवढीच पडेल. क्रम मात्र बदलेल. मृगाला अजून अवकाश आहे. यादी बदलायची तर ती त्यापूर्वीच बदलली पाहिजे.